गिळल्यावर बोलायचं

बाराव्या दिवशी सौमूने औषध घेतलं, त्याच कपात पाणी घेऊन तेही ती प्यायली, कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि बोलली नाही. सिस्टर नेकेसाचं पेन वहीवर टेकलेलं होतं. तिने मान वर न करता थोडी वाट पाहिली, मग मान वर केली. माझ्या हातातली तळलेली गोड महाम्री चहात बुडलेली होती. ती तुटून कपात पडली आणि मी तिच्याकडे, म्हणजे महाम्रीकडे, पाहत राहिलो. माणसाकडे पाहायची वेळ आली की मी नेहमी असलं काहीतरी शोधतो. "बोल," सिस्टर म्हणाली. सौमूने तोंड उघडलं. जीभ बाहेर काढली, वर केली, एकेक गाल बोटाने ओढून दाखवला. तोंडात काही नव्हतं, हे माझ्या बाकावरूनही दिसत होतं आणि मला लांबचं नीट दिसत नाही. "तोंड नको दाखवू. बोल." सौमूने तोंड मिटलं. मागे रांगेत साठ माणसं होती, आणि ऊन अजून भिंतीच्या पलीकडेच होतं.

आमच्या म्बुयुनी वस्तीतल्या या दवाखान्यात पुडीचं, म्हणजे हेरॉइनचं, व्यसन सुटावं म्हणून रोज सकाळी सात ते नऊ मेथाडोन देतात. ते घरी नेता येत नाही. खिडकीपुढे उभं राहून सिस्टरच्या डोळ्यांदेखत प्यायचं आणि गिळल्यावर बोलायचं. कुणीतरी कधीतरी औषध गालात धरून बाहेर नेलं आणि बाटलीत थुंकून विकलं म्हणे, तेव्हापासून हा नियम आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. घशातून आवाज मोकळा निघाला की सिस्टर म्हणते, "गिळलं. पुढचा," आणि वहीत खूण करते. बहुतेक जण आपलं नाव सांगतात. एक म्हातारा बिस्मिल्ला म्हणतो. पूर्वी टुकटुक रिक्षा चालवणारा चेंगो रोज म्हणतो, "सिस्टर, माझ्याशी लग्न कर," आणि सिस्टर रोज म्हणते, "गिळलं. पुढचा." दोन वर्षं हे चाललं आहे. "दोन वर्षांत एकदाही नाही म्हणाली नाही," चेंगो रांगेत येणाऱ्या नव्या माणसाला सांगतो. "म्हणजे विचार करतेय. शिकलेल्या बायका वेळ घेतात." पहिल्या दिवशी मी हसलो. हसताना मान खाली घातली, कारण मी तिथे हसायला बसलेलो नव्हतो. मी सेवेचा दर्जा पाहायला बसलो होतो.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते सांगायला लाज वाटते. या दवाखान्याला पैसे पुरवणाऱ्या नैरोबीच्या संस्थेला वाटलं, की वस्तीतल्या एखाद्या जबाबदार माणसाने दोन आठवडे खिडकीजवळ बसावं आणि रुग्णांची काळजी कशी घेतली जाते ते एका फॉर्मवर लिहावं. मशिदीच्या कमिटीने माझं नाव दिलं. मोहल्ल्यात मला सगळे म्वालिमू म्हणतात, म्हणजे मास्तर. मी मास्तर कधीच नव्हतो. नगरपालिकेच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारत होतो. पण चष्मा असला आणि खिशाला पेन असलं की आमच्याकडे माणूस म्वालिमू होतो, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. माझी बायको म्हणायची, "तुम्ही दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागता." तिला ते प्रेमाने म्हणायचं होतं की कंटाळून, हे मी विचारलं नाही आणि आता विचारता येत नाही.

फॉर्मवर बावीस प्रश्न होते. असले प्रश्न कोण लिहितं कोण जाणे. बहुधा ज्याला कधी कुणी काही विचारलेलं नाही असा माणूस. बसायची जागा स्वच्छ आहे का. होती, रोज सकाळी फिनेलने पुसत, आणि त्या वासाने निम्मी रांग मळमळून भिंतीशी बसे. भिंतीवर माहितीफलक आहेत का. होते, त्यांवरची माणसं सगळी दात दाखवून हसत होती आणि त्यांतल्या एकाचेही दात आमच्या रांगेतल्यासारखे नव्हते. प्रमुख अधिकारी उपलब्ध असतात का. असत. मुतुआ आपल्या खोलीत असे, आणि त्याच्या खुर्चीवरचं प्लास्टिक दोन वर्षांतही काढलेलं नव्हतं, उठता-बसता ते करकरत असे, म्हणजे तो उपलब्ध आहे हे बाहेरही कळायचं. रुग्णांना सन्मानाने वागवतात का. सिस्टर कुणावर ओरडत नव्हती. मी 'होय' लिहिलं. आणि चौदावा प्रश्न: कर्मचारी रुग्णांशी दररोज बोलतात का. पहिल्या दिवशी मी या प्रश्नापाशी जरा थांबलो. मग समोर पाहिलं. सिस्टर म्हणत होती "बोल", माणूस बोलत होता, सिस्टर उत्तर देत होती. मी 'होय'वर खूण केली. दुसऱ्या दिवशी थांबलो नाही. अकरा दिवसांचे अकरा कागद झाले आणि अकरा कागदांवर चौदाव्या प्रश्नापुढे माझी खूण होती, सुबक. माझं अक्षर चांगलं आहे, तेवढं एक आहे.

आता सिस्टर नेकेसा खिडकीमागून बाहेर आली होती. ती वाईट बाई नाही. पश्चिमेकडच्या कुठल्या गावातून ती इथे आली, समुद्राचा तिला कंटाळा आहे, तिचे पाय सुजतात, आणि दोन तासांत साठ माणसांना पाजून तिला वही भरायची असते. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी मला ती आवडत नाही. ती सगळ्यांना जेवढं ओळखते तेवढंच मलाही ओळखते, हे मला आवडत नसावं. "हे बघ सौमू," ती म्हणाली, "मला घाई आहे, तुला घाई आहे, या सगळ्यांना घाई आहे. नाव सांग आणि जा." सौमू उभीच. तिशीतली असेल. अंगावरचा काळा बुरखा, बुइबुई, धुऊन धुऊन राखाडी झालेली, मनगटं बाहेर आलेली. तिने हात बांधले. "अगं, शिवी दे हवं तर," चेंगो मागून म्हणाला. "शिवीलापण आवाज लागतो." रांगेत कुणीतरी हसलं आणि कुणीतरी म्हणालं, "विकायला नेत असेल. गालात आहे तिच्या." "गालात असतं तर एवढ्यात जीभ सोलली असती," चेंगो म्हणाला. "मी करून बघितलंय." मग मुतुआच्या खोलीतून प्लास्टिक करकरलं आणि तो चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन आला.

नियम एकच होता आणि तो एकदाच लागत होता. गिळल्यावर जो बोलणार नाही त्याने औषध बाहेर नेण्याचा प्रयत्न केला असं धरायचं, चिठ्ठी लिहायची, यादीतून नाव काढायचं. पुन्हा नाव लागायला चार महिने, कधी सहा. चार महिने मेथाडोनशिवाय म्हणजे काय, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून हसणं एकदम थांबलं. मुतुआने चिठ्ठी कठड्यावर ठेवून लिहिली. त्याचं पेन चालत नव्हतं; त्याने माझं मागितलं आणि मी दिलं. हे आत्ता लिहिताना मला दिसतं, तेव्हा दिसलं नव्हतं. पेन मागितलं की देतात, एवढंच डोक्यात होतं. मला खरं तर दुसरंच काही आठवत होतं. वाचनालयात गोदीतला एक माणूस रोज दुपारी यायचा, पंख्याखाली वर्तमानपत्र पसरायचा आणि त्यावर झोपायचा. मी त्याला उठवत नसे, हा माझा चांगुलपणा. एक दिवस तो झोपला नाही. माझ्या टेबलापाशी आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माझा मुलगा बुडाला." त्याचं वाक्य संपायच्या आत माझं बोट वर गेलं होतं, भिंतीवरच्या पाटीकडे, 'शांतता राखा'. बोट आधी वर गेलं, अर्थ मागून पोचला. त्याने पाटी वाचली. वाचता येत होतं त्याला. मान हलवून तो परत जागेवर गेला, वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि पुन्हा आला नाही. माफी मागायला मी दोनदा गोदीच्या फाटकापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. नाव न विचारता कसं शोधणार, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त सोयीचं होतं.

"म्वालिमू," मुतुआ म्हणाला, "बाहेरचा साक्षीदार लागतो. इथे, माझ्या सहीखाली." त्याने माझं पेन मला परत दिलं. चिठ्ठीवर सौमूचं नाव, तारीख आणि कारण होतं: संवादास नकार. मी ते दोन शब्द वाचले. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माणसाला शब्दांचा राग येऊ शकतो, बहुतेक वेळा फक्त शब्दांचाच येतो. मला राग आला. संवादास नकार. ज्या खिडकीत अकरा दिवस एका बाईने आपलं सगळं ओतलं होतं आणि दर दिवशी 'गिळलं, पुढचा' ऐकलं होतं, तिथे नकार तिचा लिहिला होता. मला त्या चिठ्ठीची, त्या कोऱ्या शर्टाच्या मुतुआची, भिंतीवरच्या दातांची, माझ्या चौदाव्या प्रश्नाची इतकी किळस आली, की तोंडात चहा आंबट लागला. आणि किळस आली की माणूस धीट होतो असं नाही. मी सही करणार होतो. हात पुढे गेलाही होता.

"ती बोलत होती," मी म्हणालो. फार हळू. मुतुआने कान पुढे केला. "काय?"

"ती बोलत होती. अकरा दिवस."

"आज बोलली नाही ना? प्रश्न आजचा आहे, म्वालिमू."

मग मी सांगितलं. माझी स्मृती चांगली आहे. वाचनालयात पुस्तकांचे नंबर पाठ असत, त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. फॉर्मकडे पाहत, जणू त्यावर लिहिलं आहे असं दाखवत, मी एकेक दिवस सांगत गेलो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, सौमू बिंती बकारी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, दुपारी तीननंतर अंगात थंडी भरते. तिसऱ्या दिवशी, हे मला संध्याकाळपर्यंत पुरत नाही. चौथ्या दिवशीही तेच, पण जरा हसून. पाचव्या दिवशी, पायांत गोळे येतात, मी उशी तोंडात धरते. सहाव्या दिवशी, सिस्टर, डोस वाढवायचं डॉक्टरांना सांगाल का. सातव्या दिवशी, भावाने घरात घेतलंय, मला थरथरताना बघितलं तर काढेल. आठव्या दिवशी, काल मास्कानीपर्यंत गेले आणि परत आले. मास्कानी म्हणजे पुड्या मिळतात तो अड्डा. तो दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि फॉर्मवर त्याबद्दल प्रश्न नव्हता. नवव्या दिवशी ती म्हणाली, आज जाईन. दहाव्या दिवशी म्हणाली, गेले. अकराव्या दिवशी, गेले.

माझा आवाज शेवटी फाटला. मी इतकं सलग कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. रांगेतले मागचे पुढे सरकून ऐकत होते, चेंगोसुद्धा. आणि मला, हे कबूल करायला हवं, आपण काहीतरी केलं असं वाटलं. ऊन भिंतीवरून उतरून माझ्या सपातांवर आलं होतं आणि मला ते ऊन माझ्यासाठी आल्यासारखं वाटलं.

"मला आठवत नाही," सिस्टर नेकेसा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिने कपाळावरचा घाम पुसला. "साठ माणसं असतात, म्वालिमू. मी घसा ऐकते. घशात औषध असलं की आवाज ओला येतो. शब्द ऐकत बसले तर तेवढं कळणार नाही."

"हे तुमच्या फॉर्मवर आहे?" मुतुआने विचारलं. त्याने फॉर्म माझ्या मांडीवरून उचलला, उलट-सुलट पाहिला.

"नाही."

"अकरा दिवस ऐकलंत आणि लिहिलं नाहीत?"

"रकाना नव्हता," मी म्हणालो.

रांगेत कुणीतरी हसलं, छोटंसं. चुकीचं नव्हतं ते हसणं. मुतुआ हसला नाही. तो फॉर्मवरच्या खुणा पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं, कारण सगळीकडे 'होय' होतं.

तेव्हा सौमूने माझ्याकडे पाहिलं. अकरा दिवस मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो, पण तिने माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. बाकावर ठेवलेल्या छत्रीकडे जितकं पाहतात तितकंच पाहिलं असेल. आता तिने नीट पाहिलं, चष्म्यापासून सपातांपर्यंत, आणि पुन्हा वर.

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात," ती म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. सिस्टरची मान वळली.

"मला वाटलं, कुणीच ऐकत नाही," सौमू म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. घरातल्या माणसाशी हिशोबाचं बोलतात तशी बोलत होती. "सिस्टरला वेळ नसतो, ते कळतं मला. मी म्हटलं, भिंतीशी बोलतेय. भिंतीशी बोलायला लाज वाटत नाही, म्हणून उशीचंपण सांगितलं. काल वाटलं, भिंतीला तरी किती सांगायचं, बास. आणि तुम्ही तिथे बसून चहा पीत सगळं पाठ करत होतात."

"सौमू, मी," मी म्हणालो.

"नवव्या दिवशी मी म्हटलं, आज जाईन. तेव्हा अख्खा दिवस होता तुमच्याकडे. माझ्या भावाचं घर तुमच्या मशिदीमागे आहे. काय केलंत?"

मी काय केलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. नवव्या दिवशी मी नऊ वाजता घरी गेलो, जेवलो, पुस्तक घेऊन पडलो आणि त्या बाईच्या वाक्यांना कशी एक चढण आहे, एकेक पायरी कशी अटळ आहे, याचा विचार करत राहिलो. मला ती वाक्यं आवडली होती. उद्या काय म्हणेल, याची मला उत्सुकता होती. हे कुणाला सांगण्यासारखं नाही आणि मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "मला वाटलं, मी मधे बोलणं बरोबर दिसणार नाही."

"बरं केलंत," सौमू म्हणाली. "सिस्टरने ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत. सिस्टर परवडली." तिने बुइबुईचं टोक डोक्यावर ओढून घेतलं.

"बोलली," सिस्टर नेकेसा म्हणाली. ती खिडकीत परत गेली होती. "ओला नाही आवाज. गिळलं. पुढचा." आणि वहीत खूण केली.

मुतुआने चिठ्ठी पुस्तकातून फाडली, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले, कारण आवारात कचरा टाकू नये अशी पाटी त्यानेच लावली आहे. चेंगो खिडकीशी आला, प्यायला, पाणी प्यायला. त्याने सौमूच्या पाठीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "सिस्टर," तो म्हणाला, "हिचा डोस वाढवा." "गिळलं," सिस्टर म्हणाली. "पुढचा." चेंगो जागचा हलला नाही, तेव्हा मागच्याने त्याला खांद्याने सरकवलं. प्रत्येकालाच घाई होती.

"डोसचं काय?" मी मुतुआला विचारलं. मला वाटतं, मी विचारलं. तो म्हणाला, डोस बदलायचा अधिकार क्लिनिकल ऑफिसरचा, ते रजेवर आहेत, ईदनंतर येतील, तेव्हा सौमूने रीतसर सांगावं. "पण तुम्ही कमाल केलीत, म्वालिमू," तो म्हणाला आणि माझ्याशेजारी बाकावर बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "माझी बाई वाचवलीत. एक नाव कमी झालं की वर कारण द्यावं लागतं, मीटिंग होते, कोण करतो ते सगळं. तिला बोलतं केलंत तुम्ही. असे अजून तीन-चार आहेत माझ्याकडे, आठवड्यातून एकदा चिठ्ठी काढेपर्यंत अडून बसतात. तुम्ही दोन आठवडे संपल्यावरसुद्धा येत जा. इथेच बसा. संस्थेला मी लिहितो, वस्तीतला समुपदेशक म्हणून. तुमच्यात ती हातोटी आहे. लोक तुमच्यापाशी मोकळे होतात."

सौमू फाटकापाशी पोचली होती. तिथून डावीकडे मशीद आणि मशिदीमागे तिच्या भावाचं घर. उजवीकडे भंगाराची दुकानं आणि त्यांच्या पलीकडे मास्कानी. ती थांबली, चपलेतला खडा काढण्यासाठी असेल, फाटकाला हात टेकून. नंतर ती कुठे वळली ते बाकावरून दिसत नाही, मधे पाण्याची टाकी येते. पाहायचं तर उठून दहा पावलं जायला हवं. मुतुआ अजून बोलत होता. माझं अक्षर फार सुंदर आहे असं तो म्हणत होता. तो बोलत असताना मधेच उठलो असतो तर त्याला अपमान वाटला असता, असं मी स्वतःशी म्हणालो. आणि खरं सांगायचं, तर मला बरं वाटत होतं.